मंडळाच्या वेबसाइटमागचा कारभार: जँगो म्हणजे नेमकं काय मिळतं?

बडोद्यातल्या जुन्या मराठी मंडळांचा कारभार साधारण सारखाच असतो. खाली वाचनालय, वर हॉल, कपाटात वधूवर सूचक केंद्राच्या फायली, थंडीत व्याख्यानमाला, भाद्रपदात गणपतीची वर्गणी. सभासद तेच, नोंदी मात्र पाच वह्यांत. वाचनालयाची वर्गणी दोन वर्षं थकवलेले गृहस्थ हॉलच्या वहीत सभासदाची सवलत घेऊन नातवाची मुंज उरकून गेलेले असतात आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी म्हणतं, "सगळं ऑनलाइन करून टाका. जोशीकाकांचा नातू इंजिनिअरिंगला आहे ना!"

नातू येतो, मन लावून काम करतो, साइट उभी राहते. वर्षा-दीड वर्षाने त्याला पुण्यात नोकरी लागते. साइट चालू राहते, पण तिच्यात साधी नवी वर्गणी घालायची तरी कोणाला जमत नाही. पुढचा मुलगा कोड उघडतो, दोन दिवस पाहतो आणि म्हणतो, "काका, नव्यानेच करू या."

असं होण्यात पहिल्या मुलाचा दोष फारसा नसतो. बॅकएंड लिहिताना शेकडो बारीक निर्णय घ्यावे लागतात, आणि ते सगळे त्याने एकट्याने, स्वतःच्या डोक्याने घेतलेले असतात. जँगो, रेल्स, लाराव्हेल अशी भरगच्च फ्रेमवर्कं, म्हणजे वेबसाइटचे तयार सांगाडे, वापरण्यामागचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे. काम लवकर होतं हे खरं, पण ते दुय्यम. त्यातले बहुतेक निर्णय आधीच, जगजाहीरपणे, घेऊन ठेवलेले असतात हे महत्त्वाचं.

आधी बॅकएंड म्हणजे काय ते पाहू. सभासद घरी बसून मोबाइलवर 'हे पुस्तक माझ्यासाठी राखून ठेवा' हे बटण दाबतो. ते बटण, त्याचा रंग, खाली उमटणारा 'राखून ठेवलं' हा संदेश म्हणजे फ्रंटएंड. ती विनंती दूरच्या सर्व्हरवर पोचल्यावर तिचं जे काही होतं ते बॅकएंड. ही विनंती कोणाकडून आली? तो खरंच तोच आहे का? त्याची वर्गणी भरलेली आहे का? एकावेळी दोनच पुस्तकं नेता येत असतील तर त्याच्याकडे आधीच किती आहेत? प्रत कपाटात आहे की बाहेर? त्याच क्षणी आणखी कोणी तेच बटण दाबलं असेल तर? नोंद कुठे ठेवायची, कधीपर्यंत, आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट नोंद राहणार नाही ना? एका बटणामागे एवढं सगळं.

हे दोन प्रकारे लिहिता येतं. फ्लास्क किंवा एक्सप्रेससारखी छोटी फ्रेमवर्कं एवढंच सांगतात: विनंती आली की तुमचं हे फंक्शन चालवतो, पुढचं तुम्ही बघा. डेटाबेसशी बोलायला कोणती लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच), लॉगइनला कोणती, फॉर्म तपासायला कोणती, फायली कुठे ठेवायच्या, हे सगळं आपण निवडायचं. अनुभवी माणसाला हे आवडतं आणि छोट्या सेवेला ते शोभतंही. दुसऱ्या प्रकारात हा सगळा संच एकत्र येतो, एकमेकांशी जुळवलेला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जगात त्याला 'बॅटरीसकट' म्हणतात, आणि जँगो हे त्याचं सगळ्यात परिचित उदाहरण.

जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला, हे कळलं की त्याचा स्वभाव समजतो. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या दैनिकात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ मध्ये पायथनमध्ये वेबसाइटी बनवत होते. बातमीदारांना आज सुचलेलं पान उद्या हवं असायचं, कधी त्याच दिवशी. प्रत्येक वेळी तेच तेच लिहायला वेळ नव्हता, म्हणून सामाईक भाग बाजूला काढत गेले आणि त्याचं फ्रेमवर्क झालं. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं, जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव देऊन. १.० आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये आली. थोडक्यात, हे कोणी फळ्यावर आखून बनवलेलं नाही, रोजच्या धावपळीतून निघालेलं आहे. रुबी ऑन रेल्सचंही तसंच. ते बेसकॅम्प या प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रॉडक्टमधून २००४ मध्ये वेगळं काढलं गेलं.

आता मंडळाकडे वळू. जँगोत पहिलं काम म्हणजे मॉडेल लिहिणं. कोणकोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे पायथनच्या क्लासच्या, म्हणजे नोंदीच्या साच्याच्या, रूपात सांगायचं. त्यावरून डेटाबेसमधले तक्ते जँगो स्वतः तयार करतं. इथे फ्रेमवर्क आपल्यासाठी विचार मात्र करत नाही. नवखा माणूस 'पुस्तक' असा एकच तक्ता करतो आणि फसतो. वाचनालयात एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतात. प्रत्येकीचा दाखल क्रमांक वेगळा, एकीची पानं सुटलेली, एक बाहेर गेलेली. म्हणून पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी. देवघेव होते ती प्रतीची, आणि सभासदाला हवं असतं पुस्तक. हा फरक कुठल्याही ग्रंथपालाला झोपेतही ठाऊक असतो. तेव्हा मॉडेल लिहायच्या आधी तासभर त्यांच्या शेजारी बसावं. तो तास पुढचे कित्येक महिने वाचवतो.

मॉडेल लिहिताना जँगो काही प्रश्न अडून विचारतं, आणि ते मला फार आवडतं. देवघेवीची नोंद सभासदाशी जोडली की ते लगेच विचारतं: उद्या सभासदाची नोंद काढून टाकली तर या नोंदींचं काय करू? त्याही पुसू, की सभासद काढूच देऊ नको? आवृत्ती २.० पासून याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. स्वतः सगळं लिहिणाऱ्याला हा प्रश्न सुचतो तो बहुधा एखाद्या सभासदाबरोबर त्याच्या दहा वर्षांच्या पावत्या उडाल्यावर. मंडळाच्या बाबतीत उत्तर सरळ आहे: काढू देऊ नको. सभासद निवृत्त होतो, दिवंगत होतो, पण वहीतून खोडला जात नाही.

पुढे बदल होतातच. पुढल्या वर्षी कार्यकारिणी ठरवते की आजीव सभासदांचा वेगळा प्रकार करायचा. मॉडेलमध्ये एक ओळ वाढवायची आणि एक आज्ञा द्यायची. जुना तक्ता नव्या रूपात कसा न्यायचा याची एक छोटी फाइल जँगो लिहून देतं. तिला मायग्रेशन म्हणतात. या फायली क्रमाने साठत जातात. म्हणजे तक्ता आज असा का आहे, कोणता रकाना कधी आला, याची वंशावळच तयार होते. सप्टेंबर २०१४ मधल्या १.७ पर्यंत हे जँगोत नव्हतं. लोक साउथ नावाची वेगळी लायब्ररी वापरायचे. आता ते घरातलंच झालं आहे.

सगळ्यात देखणा भाग आहे ॲडमिन. वर्तमानपत्रात बातम्या भरणारे लोक प्रोग्रॅमर नव्हते, त्यांना फॉर्म हवे होते. म्हणून मॉडेल सांगितलं की त्याची भरण्याची, शोधण्याची, दुरुस्तीची पानं जँगो आपोआप उभी करतं. दोन-चार ओळी लिहायच्या आणि संध्याकाळी ग्रंथपालांच्या हातात चालणारी गोष्ट द्यायची. वाचकांसाठी एकही पान तयार नसताना आतली माणसं पुस्तकं चढवायला लागलेली असतात. मंडळासारख्या ठिकाणी, जिथे 'साइट कधी होणार' हा प्रश्न दर रविवारी येतो, तिथे याची किंमत वेगळी सांगायला नको.

ॲडमिनमध्ये परवानग्याही असतात. प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी पाहणं, भरणं, बदलणं आणि काढणं असे चार वेगळे अधिकार, आणि ते माणसांच्या गटाला देता येतात. वाचनालयात बसणाऱ्या स्वयंसेवकाला देवघेव दिसावी, वधूवर केंद्रातल्या मुलींचे पत्ते आणि पगार अजिबात दिसू नयेत. हे पहिल्याच दिवशी ठरवायचं, नंतर नाही. शिवाय ॲडमिनमधून कोणी कोणत्या नोंदीचा कोणता रकाना कधी बदलला, हे टिपून ठेवलं जातं. जुनी किंमत काय होती ते त्यात नसतं, पण 'हा रकाना कोणी बदलला' यावरून बैठकीत होणारे अर्धे वाद तेवढ्यावर मिटतात. फक्त हे लक्षात ठेवा की ॲडमिन आतल्या माणसांसाठी आहे. तेच सभासदांसमोर उघडं टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो, आणि मग ते वाकवता वाकवता स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण हौशी माणूस मार खातो तो इथेच. पासवर्ड घ्या. ते जसेच्या तसे साठवायचे नसतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. जँगो पासवर्डवर एक गणिती क्रिया लाखो वेळा करून आलेलं उत्तर साठवतं, म्हणजे डेटाबेस चोरीला गेला तरी एकेक पासवर्ड ओळखायला चोराला प्रचंड वेळ लागावा. ४.२ आवृत्तीत ही आवर्तनं ६ लाख होती, ५.२ मध्ये १० लाख आहेत. संगणक वेगवान होतात तसा आकडा वाढवत नेतात, आणि सभासदाने पुढच्या वेळी लॉगइन केलं की त्याची जुनी नोंद गुपचूप नव्या आकड्यावर जाते. मंडळाच्या स्वयंसेवकाने हे दर वर्षी आठवणीने केलं असतं का?

दुसरी गोष्ट अवतरणचिन्हाची. शोधाच्या चौकटीत कोणी डि'सोझा असं आडनाव टाकलं आणि आपण ते तसंच डेटाबेसच्या आज्ञेत चिकटवलं, तर मधल्या त्या चिन्हाशी आज्ञा तुटते. इथे नुसती चूक येईल, पण मुद्दाम काही टाकणारा त्याच फटीतून स्वतःची आज्ञा घुसवून तक्ताच्या तक्ता वाचू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात; एसक्यूएल ही डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा. जँगोचा डेटाबेसशी बोलणारा थर, ज्याला ओआरएम म्हणतात, आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवतो, त्यामुळे ही फट मुळातच राहत नाही. तसंच, कोणी अभिप्रायाच्या चौकटीत मजकुराऐवजी प्रोग्रॅम लिहिला तरी पानावर तो साधा मजकूर म्हणूनच दिसतो. आणि सचिवांनी मंडळाच्या साइटवर लॉगइन केलेलं असताना दुसऱ्या टॅबमध्ये भलतंच पान उघडलं, त्या पानाने त्यांच्या नावाने मंडळाकडे विनंती पाठवायचा प्रयत्न केला, तर फॉर्ममध्ये दडवलेलं एक गुप्त चिन्ह जुळत नाही म्हणून जँगो ती विनंती परत पाठवतं. यातलं काहीही चालू करावं लागत नाही. बंद करायचं असेल तर मात्र मुद्दाम लिहावं लागतं.

निर्णय आधीच एका ठिकाणी घेऊन ठेवण्याचा हा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं केलं. गावाने स्वतःची वर्गणी काढायची, तिला सरकारी मदतीची जोड मिळायची, पण पुस्तकांचं वर्गीकरण कसं करायचं, ग्रंथपालांना काय शिकवायचं, फिरत्या पेट्या कशा पाठवायच्या, हे प्रत्येक गावाने नव्याने ठरवायचं नव्हतं. वाचायचं काय, ते गावाचं. रचना एकच. भरगच्च फ्रेमवर्कचा सौदा अगदी असाच आहे.

आणि सौदा म्हटला की किंमत आली. जँगोची पद्धत शिकावी लागते, आणि ती आपल्या मनासारखी नसली तरी पाळावी लागते. पहिले पंधरा दिवस 'हे असं का' म्हणण्यातच जातात. ओआरएममुळे डेटाबेस दिसेनासा होतो, त्यातूनही गोंधळ होतो. बाहेर असलेल्या दोनशे पुस्तकांची यादी आणि प्रत्येकासमोर सभासदाचं नाव, एवढंच पान. साध्या पद्धतीने लिहिलं तर यादीसाठी एक आणि नावांसाठी दोनशे, अशा दोनशे एक फेऱ्या डेटाबेसकडे होतात. कोड वाचून हे कळतही नाही, कारण ओळी दोनच असतात. 'सिलेक्ट रिलेटेड' हा शब्द जोडला की सगळं एका फेरीत येतं. पण तो जोडायचा हे कळायला आत काय चाललंय ते माहीत हवं. म्हणून फ्रेमवर्क आलं तरी एसक्यूएल शिकण्यातून सुटका नाही.

शेवटच्या एका प्रतीवर दोघांनी एकदम बटण दाबण्याचा प्रश्नही आपोआप सुटत नाही. 'प्रत आहे का' हे पाहणं आणि 'नोंद कर' हे सांगणं यांच्यामधल्या क्षणात दुसरा घुसतो. यावर माझ्या पसंतीचा उपाय म्हणजे नियम थेट डेटाबेसलाच सांगणं: परतीची तारीख रिकामी आहे अशी एका प्रतीची एकच नोंद असू शकते. जँगोच्या मॉडेलमध्ये हा नियम अटीसकट लिहिता येतो. मग दोघांपैकी एकाचीच नोंद होते, दुसऱ्याला नम्र नकार. कोड लिहिणारा बदलला, विसरला, तरी डेटाबेस विसरत नाही.

घड्याळाचं प्रकरण गमतीचं आहे. जँगोच्या मूळ सेटिंगमध्ये वेळ शिकागोची आहे, कारण लॉरेन्स त्याच वेळेच्या पट्ट्यात येतं. नवा प्रोजेक्ट सुरू केला की त्याच्या फाइलमध्ये जागतिक प्रमाणवेळ लिहून येते. ती बदलून आशिया-कोलकाता करायची राहिली, तर आपल्याकडे मध्यरात्र उलटून पहाटे साडेपाच होईपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस चालू असतो. रात्री एक वाजता पुस्तकाची मुदत वाढवणाऱ्याचा दंड वाचतो आणि हिशेब जुळत नाही.

मराठीच्या अडचणी तर कुठलंच फ्रेमवर्क आपण होऊन सोडवत नाही. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल नंतर, व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून लेखकांची यादी नुसती 'क्रमाने लाव' म्हटली तर 'बाळ'ने सुरू होणारी नावं 'बावडेकर'च्या आधी येतात आणि ग्रंथपाल कपाळाला हात लावतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भाषेनुसार क्रमाचे नियम ठेवता येतात आणि जँगोच्या ३.२ आवृत्तीपासून ते मॉडेलच्या रकान्यालाच सांगता येतात. त्याहून छळवादी प्रकार 'ॲ'चा. काही कीबोर्ड हे एकच अक्षर म्हणून लिहितात, काही अ वर चंद्र ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखीच, संगणकाला मात्र पूर्ण वेगळी. एकाने चढवलेलं 'ॲडव्होकेट' दुसऱ्याला शोधून सापडत नाही. यावर उपाय म्हणजे नोंद साठवण्याआधी आणि शोध घेण्याआधी दोन्हीकडे एकच रूप करून घेणारं छोटं फंक्शन आपणच लिहायचं. ते कुठे लिहायचं हे जँगो सांगतं, पण लिहायला मराठी येणाराच माणूस लागतो.

ज्यांना एवढं काही नको, त्यांनी हे करूच नये. फक्त वाचनालयच ऑनलाइन करायचं असेल तर कोहा हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर आहे. २००० साली न्यूझीलंडमधून आलं आणि जगभर वापरलं जातं. आपल्या सरकारच्या एनआयसीचं (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं) ई-ग्रंथालयही आहे. व्याख्यानमालेची पत्रिका आणि फोटो टाकायचे असतील तर वर्डप्रेस पुरे. स्वतःचं बॅकएंड लिहायचं ते वाचनालय, हॉल, वर्गणी आणि वधूवर या सगळ्यांना एकच सभासद-यादी हवी असेल तेव्हा.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. शिकताना वापरतो तो जँगोचा आतला सर्व्हर खऱ्या साइटला लावायचा नसतो, आणि 'डीबग' (चुका शोधायची सोय) चालू ठेवून साइट लोकांसमोर न्यायची नसते. तसं केलं तर चूक झाल्यावर सर्व्हरची आतली माहिती पाहुण्याला दिसते. दुसरं म्हणजे आवृत्तीचं. दीर्घ मुदतीची आवृत्ती निवडावी. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. त्याआधी पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर जायचं, आणि त्यासाठी लागणारे चार दिवस कोण देणार ते आजच इतिवृत्तात लिहून ठेवायचं.

जँगोच का, लाराव्हेल का नको, असं मला नेहमी विचारतात. माझं उत्तर तांत्रिक नसतं. तुमच्या ओळखीत दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत पीएचपी (लाराव्हेलची भाषा) येणारी पाच मुलं असतील आणि पायथनची एकच, तर डोळे मिटून लाराव्हेल घ्या. तेही भरगच्च आहे, २०११ पासून आहे, त्यातही मायग्रेशन आहेत, लॉगइन आहे, फॉर्मचं संरक्षण आहे. ॲडमिन मात्र तयार मिळत नाही, ते वेगळं जोडावं लागतं. जोशीकाकांचा नातू पुण्याला गेल्यावर फोन कोणाला करायचा, त्या माणसाला जे येतं ते निवडा.